हेडलाइटचा पिवळेपणा घरी काढताना : घासणं अर्धं काम, वरचा थर अर्धं

घाटमाथा

मंडळी, पाऊस उघडून ऊन पडायला लागलं की गाड्यांची राहिलेली कामं निघतात, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. हेडलाइट धुरकट, पिवळ्या पडल्या असतील तर घरी नीट कशा करायच्या, आणि केलेलं काम टिकवायचं कसं, त्याबद्दल.

प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर, जुनी मारुती ८०० यांच्या हेडलाइटला खरी काच असायची. दगड लागला तर फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं, बोलताना त्यालाही आपण काचच म्हणतो. खडा लागला तरी ते सहसा फुटत नाही, वजनाला हलकं, आणि हवा तो आकार देता येतो. पण त्याला लगेच ओरखडे पडतात आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन हा थर बारीक तडकतो, कडेने सुटायला लागतो. खालचं प्लास्टिक उघडं पडलं की ऊन थेट त्यावर काम करतं आणि ते पिवळं होत जातं. तोवर रस्त्यावरची वाळू-धूळही वरून घासत असतेच.

हे आधी सांगायचं कारण असं की बहुतेक व्हिडिओ घासण्यावर सुरू होतात आणि चकाकीवर संपतात. घासल्यावर पिवळा भाग जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर कारखान्याचा उरलासुरला थरही जातो. म्हणजे संध्याकाळी नव्यासारखी दिसणारी हेडलाइट उन्हासाठी आता पूर्ण उघडी असते. काही महिन्यांत ती परत पिवळी पडते, बहुतेक वेळा आधीपेक्षा लवकर. लोक म्हणतात, 'घरगुती उपाय टिकत नाही.' टिकत नाही, कारण काम अर्ध्यावर सोडलेलं असतं.

माझी पद्धत सांगतो. आधी हेडलाइट आणि आजूबाजूचा पत्रा शाम्पूने स्वच्छ धुवायचा. एखादा वाळूचा कण राहिला तर तोच पुढे खोल चर पाडतो. मग बोनेट, बंपर, फेंडरच्या कडांना मास्किंग टेप, दोन पदरी. पेपर सरकून रंगावर गेला तर तिथला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) जायला दोन हात पुरतात.

घासायला वॉटर पेपरच हवा, सुतारकामाचा नाही. वरचा थर सुटून पापुद्रे दिसत असतील तर ६०० किंवा ८०० नंबरपासून सुरुवात (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). नुसता धुरकटपणा असेल तर थेट १००० पासून. मग १५००, २०००, शेवटी ३०००. पेपर थोडा वेळ पाण्यात भिजवायचा, पाण्यात शाम्पूचे थेंब टाकायचे आणि काच कोरडी होऊ द्यायची नाही. एका नंबरने आडवं घासलं तर पुढच्या नंबरने उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. सुरुवातीला पाणी पिवळट दुधासारखं येतं. ते पांढरं येऊ लागलं की पिवळा भाग संपला. इथे घाई करणारे फसतात. पहिला पेपर पूर्ण होईपर्यंत पुढचा हातात घ्यायचा नाही. अर्धवट राहिलेला पिवळा डाग ३००० ने जात नाही, तो फक्त गुळगुळीत होतो.

त्यानंतर कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट) आणि पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा काढायचा आणि वर संरक्षक थर. किटमध्ये पुसून लावायचा कोट मिळतो, तो मी लावतो.

तुम्ही काय वापरता, किती टिकतं, ते लिहा. फोटो असतील तर फारच छान, शक्यतो एक वर्षानंतरचे. त्याच दिवशीचे सगळ्यांचेच चांगले येतात.

पेठेतला

छान धागा. एक शंका. टूथपेस्टने खरंच काही होतं का? आमच्या सोसायटीत एका काकांनी केलं आणि फरक चांगलाच दिसला.

घाटमाथा

@पेठेतला, होतं. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरची वरची धूसर पापडी जाते. सुरुवातीचा हलका धुरकटपणा असेल तर फरक दिसतोच. पण जिथे थर तडकलाय तिथे ती पोचत नाही, आणि उन्हापासून वाचवणारं त्यात काही नाही. काकांना एवढंच सांगा की आता वर काहीतरी लावा. निदान चांगलं कार वॅक्स लावा आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा लावत राहा.

संत्रानगरी

आमच्याकडे नागपुरात हा प्रश्न लवकरच येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे आणि ऑफिसच्या पार्किंगला शेड नाही. माझ्या गाडीची डावी हेडलाइट उजवीपेक्षा कितीतरी जास्त पिवळी आहे. गॅरेजवाला म्हणे बल्ब वेगळे असतील. बल्ब तर दोन्ही सारखेच आहेत.

घाटमाथा

@संत्रानगरी ताई, गाडी रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी राहते का? एका बाजूला भिंतीची किंवा झाडाची सावली आणि दुसरीवर दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन, असं असेल तर बहुतेक तेच कारण.

संत्रानगरी

अगदी तसंच आहे! उजवीकडे जिन्याची भिंत आहे. उद्यापासून गाडी उलटी लावते. फुकटचा उपाय आहे हा तर.

पत्रा_आणि_रंग

मी सांगलीत डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. धागाकर्त्यांनी घासायचं सांगितलं ते बरोबर आहे, पण शेवटच्या भागाला माझी हरकत आहे. थर कोणता देणार, ते आधी ठरवा. त्यावर घासणं कुठे थांबवायचं ते ठरतं.

पुसून लावायचा कोट किंवा वॅक्स देणार असाल तर ३००० पर्यंत जा, कंपाउंड मारा, चकाकी आणा. हे थर पातळ असतात, खालचे ओरखडे झाकत नाहीत. पण गाडीच्या पत्र्यावर मारतात तो टू-के क्लिअर (हार्डनर म्हणजे कडक करणारं रसायन मिसळून वापरायचा पारदर्शक थर) फवारणार असाल तर ८०० ते १००० वर थांबा आणि कंपाउंडला हातही लावू नका. क्लिअरला धरायला खरखरीत पृष्ठभाग लागतो. आरशासारख्या गुळगुळीत काचेवर मारलेला क्लिअर पुढच्या उन्हाळ्यात सोलून निघतो. भिंत घासून गुळगुळीत केली आणि प्रायमर न देता रंग लावला तर जे होतं तेच. आमच्याकडे अशी सोललेली हेडलाइट घेऊन गिऱ्हाईक येतं तेव्हा जुना क्लिअर काढण्यातच निम्मा दिवस जातो.

लोकांना भीती वाटते की १००० वर काच दुधासारखी पांढरी दिसते, मग क्लिअर मारून काय होणार? साधी परीक्षा आहे. घासलेल्या काचेवर स्वच्छ पाणी मारा. ओली असताना आरपार दिसली तर क्लिअर मारल्यावरही तशीच दिसेल, कारण पाणी जसं बारीक चर भरतं तसाच क्लिअरही भरतो. ओली असतानाही पिवळी किंवा डागाळलेली दिसली तर अजून घासायचं बाकी आहे. ही परीक्षा केल्याशिवाय मी कधीच फवारत नाही.

घाटमाथा

@पत्रा_आणि_रंग, मनापासून आभार. पाण्याची परीक्षा मला माहीत नव्हती. टू-के घरी मारता येईल का? स्प्रे गन नसलेल्यांनी काय करायचं?

पत्रा_आणि_रंग

डब्यातला टू-के मिळतो. त्याच्या बुडाला बटण असतं. ते दाबलं की आतला हार्डनर मिसळतो. एकदा मिसळला की एक-दोन दिवसांत डबा संपवावा लागतो, नंतर तो आतच घट्ट होतो. म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून एकाच दिवशी काम काढलं तर परवडतं. पहिला हात अगदी हलका, नुसता भुरभुरता. पाच-दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा जरा ओलसर. एकाच हातात चकाकी आणायला गेलात की ओघळ येणार. साध्या डब्यातला, हार्डनर नसलेला वन-के लॅकर स्वस्त आहे, पण तो पेट्रोल, थिनर, उन्हाला तेवढा टिकत नाही. हेडलाइटवर मी तो वापरत नाही.

टेप क्लिअर पूर्ण कडक व्हायच्या आत, पण हाताला चिकटेनासा झाल्यावर काढा. पूर्ण वाळल्यावर काढलात तर कडेचा क्लिअर टेपबरोबर उचलला जातो. आणि पुढचे काही दिवस गाडी प्रेशरने धुवायची नाही.

प्रयोगशाळा

टू-केबद्दल लिहिलंय तर हे वाचल्याशिवाय कुणी डबा उघडू नका, अशी कळकळीची विनंती. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारताना ते श्वासात गेले तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी मास्क किंवा करोनाकाळातला एन-९५ इथे पुरेसा नाही, तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा, आणि उघडी हवा हे सगळं हवं. फ्लॅटच्या बंद पार्किंगमध्ये, मुलं खेळतात तिथे हे करायचं नाही. एवढी तयारी नसेल तर फवारणी पेंटरकडे द्या आणि घासायचं काम तेवढं घरी करा.

आणखी एक प्रकार सध्या फार दिसतो. छोट्या किटलीत द्रव गरम करून त्याची वाफ हेडलाइटवर सोडतात आणि काच क्षणात चकाकते. त्या द्रवात बहुधा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मसारखं द्रावक असतं. ते पॉलिकार्बोनेटचा वरचा भाग विरघळवतं, ओरखडे वितळून सपाट होतात, म्हणून काच स्वच्छ दिसते. उन्हापासून संरक्षण शून्य, प्लास्टिकमध्ये ताण राहून पुढे बारीक तडे जाऊ शकतात, आणि ती वाफ श्वासात घेणं घातक आहे. रस्त्याकडेला मास्कशिवाय दिवसभर हे करणाऱ्या पोरांची मला खरोखर काळजी वाटते.

डास पळवायच्या ज्या स्प्रेमध्ये डीट असतं तो चोळला की काच स्वच्छ होते, असेही व्हिडिओ आहेत. तिथेही तेच घडतं, डीट प्लास्टिक मऊ करतं. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांच्या फडक्यानेही पुसू नका. पॉलिकार्बोनेटवर त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा येतात आणि त्या कुठल्याही पेपरने जात नाहीत, कारण त्या वरवरच्या नसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

रात्रपाळी

एमआयडीसीतून रात्री दोनला सुटतो, त्यामुळे हेडलाइट हा माझ्या रोजच्या जिवाचा प्रश्न आहे. बाहेरून काच साफ करूनही उजेड कमी वाटत असेल तर पुढच्या गोष्टी बघा.

बल्ब काढून त्या भोकातून मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. परावर्तकावर बल्बच्या वरच्या बाजूला करडा किंवा जळका डाग दिसला तर काच कितीही घासा, उपयोग नाही. तो आतला ॲल्युमिनियमचा थर अगदी पातळ असतो. फडकं घालून पुसायला गेलात तर पुसूनच निघेल. अशा वेळी पूर्ण हेडलाइट बदलणं हाच उपाय.

हा डाग बहुतेक वेळा जास्त वॉटचे बल्ब घातल्याने येतो. एच-४ चा नेहमीचा बल्ब ६०/५५ वॉटचा. बाजारात १००/९० चे मिळतात, ते कायद्यातही बसत नाहीत आणि होल्डर, वायर, परावर्तक सगळं भाजून काढतात. उजेड वाढवायचा असेल तर आधी व्होल्टेज तपासा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास उतरतो. जुन्या गाडीत स्विच आणि वायरिंगमध्ये एवढं सहज गळतं. रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून बॅटरीवरून थेट जाड वायर दिली की तोच बल्ब वेगळा वाटतो. आणि हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग तापून बल्ब लवकर जातो.

सायंतारा

माझी थोडी वेगळी अडचण आहे. हेडलाइटच्या आतून वाफ धरते. पावसाळ्यात जास्त. मामा म्हणतात, घासूबिसू नकोस, सरळ एलईडी बल्ब टाक, भरपूर उजेड पडेल. करू का?

रात्रपाळी

@सायंतारा ताई, हलकी वाफ असेल आणि दिवे लावून थोडा वेळ गाडी चालवल्यावर जात असेल तर घाबरायचं कारण नाही. हेडलाइटला हवा खेळायला मागे छोटी नळी किंवा टोपी असते, ती मातीने बुजली आहे का तेवढं बघा. बल्बमागचं रबरी झाकण नीट बसलंय का तेही बघा, बल्ब बदलताना ते वाकडं बसलेलं असतं. पण आत पाण्याचे थेंब साचून खाली डबकं दिसत असेल तर जोड सुटलाय किंवा कुठेतरी तडा आहे. तो बंद केल्याशिवाय बाहेरून काही करू नका.

एलईडीचा मोह मात्र टाळाच. धुरकट काचेत उजेड सरळ जात नाही, चहूकडे फुटतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. बल्ब जितका प्रखर तितका समोरच्याला त्रास जास्त. शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडीचा उजेड जागेवर पडत नाही. मामांना म्हणावं, आधी काच स्वच्छ करू, मग त्याच बल्बचा उजेड बघू.

घाटमाथा

@रात्रपाळी यांच्या या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. कुंभार्ली घाटात धुकं असताना वरून येणाऱ्या गाडीची काच धुरकट आणि आत पांढराशुभ्र एलईडी असला की समोर सगळी पांढरी भिंत उभी राहते. वळणाच्या कडेची पांढरी पट्टीही दिसत नाही. आपली हेडलाइट साफ करणं म्हणजे समोरून येणाऱ्याचीही सोय आहे, हे फार कमी लोक लक्षात घेतात.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये याची मोजणी केली होती. खराब झालेल्या हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास उजेड बाहेर पडत होता. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. कंपनीची नवीन हेडलाइट टाकली तर अर्थात १००. म्हणजे घरच्या कामाने मोठा फरक पडतो, पण नव्याची बरोबरी होत नाही. ज्यांना रोज रात्री लांब जावं लागतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. इथे हेडलाइटला मिळालेली मान्यता वरच्या थरासकट असते. घासून पॉलिश केली की ती मान्यता गेली असं धरलं जातं आणि टीयूव्हीच्या (इथल्या गाड्यांची ठरावीक काळाने तपासणी करणाऱ्या संस्थेच्या) तपासणीत गाडी नापास होऊ शकते. किट दुकानात उघडपणे विकायला असतं म्हणून चालेल असं समजू नका. इथे बदलणं हाच सुरक्षित मार्ग.

पेठेतला

भारतात असं काही नाही ना? माझ्या गाडीला पुढच्या वर्षी १५ वर्षं होतायत, नोंदणी नूतनीकरणाला न्यायची आहे.

पत्रा_आणि_रंग

@पेठेतला, आमच्याकडून काच साफ करून घेऊन गेलेल्या गाड्यांना माझ्या माहितीत त्यावरून कुणी अडवलेलं नाही. उलट पिवळ्या हेडलाइटवर उजेडाची तपासणी अवघड जाते. साफ करून, दिव्यांची दिशा बसवूनच न्या.

रात्रपाळी

दिशेवरून आठवलं, हे कुणी लिहिलंच नाही. काच साफ झाली की पूर्वी पसरणारा उजेड आता नेमका पडतो, त्यामुळे दिशा चुकलेली असेल तर आता समोरच्याला जास्त टोचते. सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा भरून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. स्टिअरिंगजवळचं दिव्यांच्या उंचीचं छोटं चाक शून्यावर ठेवा. डिपरच्या (लो बीमच्या) उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे त्या कडेचा डावा भाग थोडा वर चढलेला दिसेल, तो तसाच असतो. मागे माणसं किंवा सामान भरलं की नाक वर उचललं जातं, तेव्हा ते चाक १, २ वर न्यायचं. ते चाक कशासाठी असतं हे कितीतरी चालकांना माहीत नसतं.

संत्रानगरी

वाचून शनिवारी काम केलं. थर फार सुटलेला नव्हता म्हणून १००० पासून सुरू केलं, ३००० पर्यंत गेले, कंपाउंड, अल्कोहोल आणि मग पुसून लावायचा कोट. पाणी पिवळट यायचं थांबेपर्यंत पहिला पेपर सोडला नाही. डावी हेडलाइट आता उजवीसारखीच दिसते. टू-केच्या वाटेला गेले नाही, @प्रयोगशाळा यांचं वाचून धीर झाला नाही. एक विचारायचं आहे, या कोटवर पीपीएफ फिल्म (गाडीचा रंग वाचवायला चिकटवतात ती) लावली तर चालेल का? आमच्या उन्हात कोट किती टिकेल याची खात्री नाही.

पत्रा_आणि_रंग

@संत्रानगरी ताई, चालेल, पण कोट पूर्ण सुकू द्या, घाईने लावलेल्या फिल्मखाली बुडबुडे धरतात. अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म घ्या. काळपट किंवा रंगीत नको, उजेड जातो. लावायला चिकाटी लागते, कारण काच दोन्ही बाजूंनी वळलेली असते. हीट गनने जपून ताणावी लागते आणि गन एका जागी धरली तर खालचं प्लास्टिकच मऊ होतं. फिल्मचा मोठा फायदा म्हणजे ती पिवळी पडली की सोलून नवी लावायची, काचेला परत पेपर लागत नाही. दरवेळी घासलं की काच थोडी थोडी पातळ होते, त्यामुळे घासायची पाळी जितकी लांबेल तितकं बरं.

भरतीओहोटी

मालवणात आहे. इथे दमट हवा कायमच. क्लिअर मारायला कुठला महिना बरा?

पत्रा_आणि_रंग

@भरतीओहोटी, पावसाळ्यात अजिबात नको. हवेतल्या दमटपणाने लॅकर पांढरट पडतो आणि टू-केचा हार्डनर ओलाव्याशी लागून बारीक फोड धरतो. तुमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळचं दव पूर्ण सुकल्यावर, दुपारी बारापर्यंत. सावलीत, पण वारा फार नसेल अशा जागी. काच हाताला गरम लागत असेल तर फवारू नका, क्लिअर सपाट व्हायच्या आधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. समुद्राजवळ असाल तर घासण्याआधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा. मिठाचा अंश राहिला तर क्लिअर तिथूनच सुटायला लागतो.

भरतीओहोटी

समजलं. पेपर आत्ता आणून ठेवतो, क्लिअर जानेवारीत. तोवर वॅक्स लावत राहतो.